एकच नग

चाकणच्या एका कारखान्यात दोनशे टनी पॉवर प्रेस दिवसभर धडाधड पत्रे कापत असतो. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर (हाक ऐकू येत असती तर) एक डिझाईन इंजिनिअर कानात बोळे घालून आठ तास काम करतो. आणि हाच माणूस रात्री साडेअकराला चिंचवडच्या आपल्या फ्लॅटमध्ये बोराएवढा एक स्विच कानाशी धरून, डोळे मिटून, श्वास रोखून बसलेला असतो.

"पिंग येतंय," तो म्हणतो.

"कुठून?" बायको विचारते. तिला वाटतं, पुन्हा गीझर.

"स्प्रिंगमधून."

स्वतःचा मेकॅनिकल कीबोर्ड स्वतः बनवणाऱ्यांची ही जमात हल्ली निगडी प्राधिकरणापासून मोशीपर्यंत विखुरलेली आहे. या लेखातला इंजिनिअर त्या सगळ्यांचा मिळून एक आहे. त्यात ज्यांना आपला चेहरा दिसेल त्यांनी रागावू नये; ज्यांना शेजाऱ्याचा दिसेल त्यांनी लेख शेजाऱ्याला दाखवू नये.

साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून एक रबराची चादर असते. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली आपापला स्विच, आपापली स्प्रिंग. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात एमएक्स नावाचा स्विच काढला. त्याच्या पेटंटची मुदत संपल्यावर चिनी कारखान्यांनी त्याची इतकी भावंडं जन्माला घातली की आता रंगांची नावं पुरत नाहीत. मूळ घराणी मात्र तीनच. लाल स्विच निमूट खाली जातो. ब्राऊन मध्येच किंचित अडखळतो. निळा प्रत्येक अक्षराला टक् करून घरभर सांगतो. या तिघांपैकी कोण श्रेष्ठ, यावर जमातीतली माणसं ज्या तावातावाने भांडतात, तो ताव पूर्वी पुण्यात फक्त मिसळीच्या वाट्याला यायचा.

स्विच विकत आणून बसवला, असं चालत नाही. तो आधी उघडायचा. आतल्या चारही भागांना चित्रकलेच्या शून्य नंबरच्या ब्रशने ग्रीस लावायचं, तेही दिसेल न दिसेल इतकं. मग परत मिटवायचा. असे पन्नास-साठ. कारखान्यात मशीनला ग्रीस मारायची पाळी आली की "मेंटेनन्सला सांगा" म्हणणारा इंजिनिअर हे काम पत्करून, रविवारी, एप्रिलच्या उकाड्यात, पंखा बंद ठेवून करतो. कारण पंख्याने स्प्रिंगा उडतात.

आता कीबोर्ड बनवायचा तर तो चौकोनी, मुकाट, ऑफिसात शोभेल असा बनवता आला असता. पण जपानच्या गुगलवाल्यांनी वाट दाखवून ठेवली आहे. तिथली मंडळी जवळजवळ दरवर्षी १ ऑक्टोबरच्या सुमाराला एक वेडा कीबोर्ड जाहीर करतात. २०२१ साली सुशीच्या दुकानातल्या चहाच्या पेल्याच्या आकाराचा. २०२२ साली सगळी बटणं एकाच ओळीत मांडलेली १६५ सेंटिमीटर लांब काठी. २०२३ साली चक्क टोपी: डोक्यावर घालायची, मान वळवून अक्षर निवडायचं आणि माथा दाबला की ते उमटणार. २०२४ साली पिळ्याच्या अंगठीसारखा, ज्याची आतली बाजू आणि बाहेरची बाजू एकच. विकायला एकही नाही; आराखडे मात्र सगळ्यांसाठी खुले. म्हणजे ज्याला घरच्यांची बोलणी खायची हौस आहे त्याने खुशाल बनवावा.

इंजिनिअरने ते सगळं पाहिलं आणि त्याचा प्रांताभिमान जागा झाला. जपान्यांना पेला आणि टोपी सुचली, तर ज्या पट्ट्यातून देशभर मोटारी, रिक्षा आणि ट्रक जातात, त्या पट्ट्याला काय सुचावं?

गिअर.

ठरलं. कीबोर्डच्या उजव्या अंगाला जुन्या गाडीचा गिअर लिव्हर. पहिला गिअर मराठी, दुसरा इंग्रजी, तिसरा आकडे, चौथा कॅडचे शॉर्टकट. न्यूट्रलला काहीच उमटणार नाही. साहेबांच्या मीटिंगमध्ये टाइप केल्याचं नाटक करायला उत्तम. शिफ्टच्या ऐवजी टेबलाखाली क्लचचं पेडल. एंटरच्या जागी हॉर्न. आणि रिव्हर्स म्हणजे बॅकस्पेस.

कीबोर्डवाल्यांच्या भाषेत याला लेयर म्हणतात. एकाच बटणाने वेळेप्रमाणे वेगवेगळी कामं करायची. त्यासाठी क्यूएमके नावाचं फुकट मिळणारं फर्मवेअर आहे आणि ते खरंच सुरेख आहे. एकाच माणसाकडून डिझाईन, क्वालिटी आणि डिस्पॅच अशी तिन्ही कामं करून घेण्याची पद्धत चाकणला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती, तो भाग वेगळा.

लिव्हरसाठी पूर्वी सरळ कुदळवाडी गाठायची. पण तिथल्या भंगाराच्या गोदामांवर २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेचे बुलडोझर फिरले आणि भंगारवाले पांगले. शेवटी मोशीजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये लिव्हर सापडला. "कुठल्या गाडीला पाहिजे?" दुकानदाराने विचारलं. इंजिनिअर म्हणाला, "कॉम्प्युटरला." दुकानदाराने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि भाव वाढवला.

मग कागदपत्रं सुरू झाली. कारखान्यात पीपॅपची, म्हणजे नव्या पार्टच्या मंजुरीची, फाईल भरायची म्हटलं की याचं डोकं दुखतं. एफएमईए म्हणजे काय काय बिघडू शकतं त्याचा तक्ता. तो तक्ता तर हा दरवेळी गेल्या वर्षीचाच तारीख बदलून पाठवतो. घरी मात्र त्याने कोरा तक्ता घेतला आणि मनापासून भरला. 'संभाव्य बिघाड: चहा सांडणे. तीव्रता ९. वारंवारता ७. आधी लक्षात येण्याची सोय १. गुणाकार ६३.' मग 'सुधारणेचा उपाय' या रकान्यापाशी अडला. आईने मागून वाचलं आणि म्हणाली, "कप लांब ठेवावा." तेवढं लिहून त्याने तक्ता बंद केला, जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात आईचं नाव घातलं.

स्विच ज्या पत्र्यात बसतात तो पत्रा दीड मिलिमीटर जाड लागतो आणि प्रत्येक स्विचला चौदा बाय चौदाचं चौकोनी भोक. दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. शिवाय याच्या पत्र्यात ओळी सरळ होत्या. आपल्या नेहमीच्या कीबोर्डात वरची ओळ खालच्या ओळीपेक्षा थोडी सरकलेली असते, ती कशासाठी? टाइपरायटरच्या दांड्या एकमेकींना अडू नयेत म्हणून. दांड्या जाऊन जमाना झाला. ओळी अजून अंग चोरून उभ्या आहेत. इंजिनिअरला ही गोष्ट कळल्यापासून तो दिसेल त्याला सांगतो. लग्नाच्या पंगतीतही.

ड्रॉइंग घेऊन तो गुरुवारी रजा टाकून भोसरीला गेला. भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे या पट्ट्यात पंधरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ठाऊक असायला हरकत नव्हती. शुक्रवारी अर्धा दिवस टाकून पुन्हा गेला.

लेझर कटिंगवाल्या शेठने ड्रॉइंग उलगडलं. "मटेरियल?"

"सीआर शीट. दीड एमएम."

"भोकं लई आहेत."

"एकोणपन्नास."

"प्लस मायनस?"

"पॉइंट झिरो फाइव्ह."

शेठ सावरून बसला. एवढं टॉलरन्स मागणारं गिऱ्हाईक म्हणजे मोठी कंपनी. त्याने चहा सांगितला. "महिन्याला किती नग?"

"एक."

"एक हजार?"

"एक."

"म्हणजे आत्ता सँपल एक. पास झाल्यावर पुढं?"

"पुढं काही नाही. एकच."

सांगितलेला चहा शेठने परत पाठवला नाही, हा त्याचा मोठेपणा. इंजिनिअर ज्या खुर्चीत बसला होता तिच्या मागे एका ब्रॅकेटचे नग पोत्यांनी भरून ठेवले होते, एकसारखे, एकाच्या जागी दुसरा ठेवला तर ब्रह्मदेवाला ओळखू येणार नाही असे. "साहेब," शेठ समजुतीने म्हणाला, "लॅमिंग्टन रोडला तयार मिळतो की. सातशे रुपयांत. माऊस फ्री."

पत्रा मात्र त्याने कापून दिला. भोकं अशी सुरेख की इंजिनिअरने व्हर्नियर काढून तिथेच मोजली, १४.०२, १४.०१, १४.०२. स्विच घातला की खटकन बसत होता. त्याच आनंदात तो पत्रा पावडर कोटिंगला गेला.

पावडर कोटिंगवाला एका नगासाठी रंग बदलत नसतो. तेव्हा खोदाईच्या यंत्रांचे पिवळे भाग कधी लागतात याची वाट पाहावी लागली. ते लागले, त्यांच्या भल्यामोठ्या रांगेत एका हुकाला कीबोर्डचा पत्रा लटकला आणि भट्टीतून झेंडूसारखा पिवळाधमक होऊन बाहेर आला. घरी आणून इंजिनिअरने पहिला स्विच लावला. जाईना. दुसरा जाईना. अंगठ्याने रेटला तर स्विचचा कान मोडला. पावडरचा थर साठ-ऐंशी मायक्रॉन जाड होतो, आणि भोकाला समोरासमोर दोन कडा असतात. म्हणजे चौदाचं भोक तेरा पॉइंट पंच्याऐंशीवर आलं. हाच हिशेब चुकवला म्हणून त्याने गेल्या पावसाळ्यात एका सप्लायरचा अख्खा लॉट परत धाडला होता आणि वर मुळापासून कारणं शोधून लिहा म्हणून आठ पानी रिपोर्ट मागवला होता. या वेळी सप्लायर, गिऱ्हाईक आणि क्वालिटी इन्स्पेक्टर एकाच लुंगीत बसलेले असल्यामुळे रिपोर्ट कुणी मागितला नाही. कानस घेऊन एकोणपन्नास भोकांच्या चार-चार कडा घासण्यात दिवाळीची सुट्टी गेली. फराळाच्या ताटात पिवळी भुकटी दिसली तेव्हा ती बेसनाच्या लाडवाची आहे का पत्र्याची, हे चवीवरून ठरवावं लागलं.

त्यानंतर डायोडचा अध्याय. प्रत्येक बटणाला एक डायोड लागतो. नाहीतर तीन बटणं एकदम दाबल्यावर न दाबलेलं चौथंच अक्षर उमटतं, ज्याला जाणकार भूत म्हणतात. डायोडवर एका टोकाला काळी पट्टी असते. ती कुठल्या दिशेला ठेवायची यावर सगळं अवलंबून. याने सगळेच्या सगळे उलटे डाखले. तीन रात्री जागून ते उपसले, सुलटे डाखले, बोटं भाजून घेतली. मग बेंगळुरूच्या एका हौशी पोराने फोनवर सांगितलं, "सर, फर्मवेअरमध्ये एक ओळ असते. दिशा उलटी लिहायची. बस." इंजिनिअरने फोन ठेवला आणि बराच वेळ बाल्कनीत उभा राहिला.

बटणांवरच्या टोप्या, म्हणजे कीकॅप, हे एक वेगळंच प्रकरण आहे. चांगल्या टोप्या दुकानात मिळत नाहीत. त्यांची वर्गणी निघते. जगभरातले हौशी आधी पैसे भरतात, पुरेसे जमले की कारखाना साचा लावतो आणि माल वर्षाने, कधी दीड वर्षाने घरी येतो. चाकणमध्ये पार्ट लाइनवर तासाच्या हिशेबाने लागतो. गाडी तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात दोन तास अडकली तर हाच इंजिनिअर सप्लायरला फोनवर सोलून काढतो. तोच टोप्यांच्या बाबतीत मात्र संताच्या वरताण शांत. "येतील," म्हणतो. "साच्याचं काम आहे. घाई करून चालत नाही." हे वाक्य एकदा त्याच्या सप्लायरने ऐकलं असतं तर बिचारा कृतार्थ झाला असता.

आल्या त्या टोप्या कोऱ्या होत्या. त्यावर देवनागरी कोरून घ्यायची होती. त्यासाठी लेझर मार्किंगवाला गाठला, जो एरवी बेअरिंगवर बॅच नंबर आणि पिंपळे सौदागरच्या क्रिकेट स्पर्धांच्या करंडकांवर नावं मारतो. इंजिनिअरने इनस्क्रिप्टची मांडणी त्याला फाईल करून दिली. ही मांडणी सरकारमान्य आहे, भारतीय भाषांना मिळून एकच आहे, आणि पुण्याच्या सी-डॅकने ती घरोघर पोचवली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. रचना इतकी शहाणी, की लोक अजून शिकतच आहेत.

संगणकावर एकटी मात्रा टाइप केली की ती निराधार वाटू नये म्हणून तिच्याशेजारी ठिपक्यांचं एक गोल उमटतं. तिथे अक्षर येणार, एवढंच त्या गोलाचं म्हणणं. मार्किंगवाल्याने प्रत्येक मात्रेसकट ठिपक्यांची गोलंही इमानदारीने कोरून दिली. एकेक ठिपका सुटा, स्वच्छ, भिंगातून पाहावा असा.

"अहो, हे गोल कशाला?"

"ड्रॉइंगला होतं, मारलं."

या उत्तरावर औद्योगिक पट्ट्यात अपील नाही.

कीबोर्ड उभा राहिला तेव्हा पहिली परीक्षा आईने घेतली. आईने मराठी टायपिंगची शासकीय परीक्षा चाळीस शब्दांची पास केलेली. तीही गोदरेजच्या मशीनवर. गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला आणि पुढे कचेऱ्यांतून, कोर्टाबाहेरच्या बाकड्यांवरून आणि प्रत्येक तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून त्याने पन्नासेक वर्षं महाराष्ट्राची बोटं घडवली. करंगळीने अक्षर उमटवायचं म्हणजे करंगळीला तालीम लागायची. आई खुर्चीत ताठ बसली, मनगटं उचलली आणि पहिल्याच फटक्याला टोपी उडून टीव्हीखाली गेली.

"मऊ आहे," आई म्हणाली.

"आई, याचा फोर्स पंचेचाळीस ग्रॅम आहे."

"म्हणजे काहीच नाही. आणि हे रिव्हर्स कशाला?"

"चुकलं की मागे येऊन खोडायला."

"आमच्या मशीनला बॅकस्पेस होतं. मागे यायचं, पण चूक होती तिथेच राहायची. म्हणून आम्ही चुकत नव्हतो."

क्लच-पेडल चार दिवसही टिकलं नाही. इनस्क्रिप्टमध्ये ल च्या बटणावर शिफ्ट दाबून ळ काढावा लागतो. आणि इंजिनिअर राहतो कुठे, तर काळेवाडी, तळवडे, कुदळवाडी, तळेगाव, पिंपळे गुरव, पिंपळे निलख आणि पिंपळे सौदागर यांच्या मधोमध. घरी झोमॅटोवाल्याला पत्ता टाइप करून द्यायचा तरी पुणे-मुंबई हायवेला गाडी चालवल्यासारखी डावी पोटरी भरून यायची. अखेर ळ ला स्वतंत्र बटण मिळालं, तेही दुप्पट रुंदीचं, एंटरच्या मानाचं. या अख्ख्या प्रकल्पात एवढी एक गोष्ट निर्विवाद शहाणपणाची झाली आणि ती कीबोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी उचलावी, असं प्रस्तुत लेखकाचंही मत आहे. ऱ्य चा अर्धा र मागायला मात्र कुणी जाऊ नये. एका वेळी एकच लाड.

राहता राहिला रिव्हर्स. गाडी मागे घेताना जे केकाटतं ना, ते रिव्हर्स हॉर्नचं यंत्र इंजिनिअरने हौसेने लिव्हरला जोडलं होतं. बाजारात त्यात नाना चाली मिळतात. याच्या नशिबी आरतीची चाल आली. म्हणजे चूक खोडायची तर रिव्हर्स टाकायचा, की आरती सुरू. माणूस हुशार असला तरी टायपिंग कच्चं, त्यामुळे रात्री एक-दीडपर्यंत घरात आरती अखंड चालू. दुसऱ्या रात्री वॉचमन खाली पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन, "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या... बास!" करत मोकळ्या अंधाराला हात दाखवताना काही जणांनी पाहिला. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं की रात्री दहानंतर कुणीही गाडी मागे घेऊ नये. त्याखाली बत्तीस अंगठे आले. त्यातला एक इंजिनिअरचा होता. तो अंगठा रिव्हर्समध्ये असताना उमटल्यामुळे आरतीसकट गेला.

एवढं सगळं होऊन कीबोर्डची कीर्ती भोसरीला पोचलीच. लेझरवाल्या शेठचा फोन आला. "साहेब, ते बटणाचं काय केलं तुम्ही? मला एक बनवून द्या. छोटा. सहा बटणांचा."

"कशासाठी?"

शेठने यादी व्हॉट्सअॅप केली. एका बटणाला एक पूर्ण मेसेज. पहिलं: 'मटेरियल निघालंय.' दुसरं: 'गाडी चाकण चौकात आहे.' तिसरं: 'कोटिंगला दिलंय.' चौथं: 'लाइट गेली होती.' पाचवं: 'ऑपरेटर गावाला गेलाय.' सहावं: 'उद्या फर्स्ट अवरला.' शिवाय एक फिरवायची गोल खुंटी, जी उजवीकडे फिरवली की 'उद्या'चं 'परवा' होईल. इंजिनिअरने बनवून दिला. क्यूएमकेमध्ये हे काम एका संध्याकाळचं आहे.

ही बातमी फुटली तेव्हा त्याच्याच कारखान्याच्या पर्चेस खात्यातला माणूस त्याच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याला एकच बटण पाहिजे होतं. दाबलं की 'व्हेरी अर्जंट, लाइन स्टॉप' असा मेल जायचा. बटण लाल पाहिजे आणि निळ्या स्विचचं, म्हणजे दाबल्याचं समाधान मिळेल.

"किती होतील?"

इंजिनिअरने आकडा सांगितला.

"रेट जास्त आहे. दुसरीकडून कोटेशन घेतो. आणि पेमेंट नव्वद दिवसांनी."

"२००६ च्या एमएसएमई कायद्यात पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यायला सांगितलंय."

पर्चेसवाल्याने क्षणभर विचार केला. "मग दोन बटणं कर. दुसऱ्यावर टाक: 'बिल अकाउंट्सला पाठवलंय.'"